बंदुकीची नळी आणि गोळीची वाट

जामखेड तालुक्यांतील खर्ड्याच्या रणांगणावर १७९५ सालीं मराठे व निजाम भिडले, तेव्हां पायदळाच्या बहुतेक बंदुकांची नळी आंतून गुळगुळीत असे. सैल बसलेली गोळी भलतीकडे वळे. रायफलीच्या नळींतील मळसूत्री आटे गोळीला फिरवितात, म्हणून ती दिशा सोडीत नाहीं. पडणें मात्र तिलाहि चुकत नाहीं! सेकंदास ३३० मीटर वेगाची गोळी ५० मीटरांवर अकरा-बारा सेंटिमीटर खालीं येते. आणि कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकांत ज्या लक्ष्यावर कांस्यपदक मिळविलें, त्याचें दहा गुणांचें वर्तुळ अवघें १०.४ मिलिमीटर रुंद. यास्तव नळी दृष्टिरेषेहून किंचित् वर रोखलेली असते. गोळी ती रेषा दोनदां छेदते. दुसरा छेद लक्ष्यावर आणणें म्हणजेच नेम बसविणें. त्याआधीं मात्र बंदूक टेकवून एकाच जातीच्या पांच गोळ्या झाडाव्या. छिद्रें जवळजवळ पडलीं तर नळी घेण्याजोगी. विखुरलीं तर माशी कितीहि सरकविली तरी व्यर्थ.