कोलू पाटलाचा बांध

भंडाऱ्याहून साकोलीकडे निघालं, लाखनी मागे पडली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाणी दिसू लागतं. आधी एखादी बोडी म्हणजे लहान तळं, मग गावाला चिकटून मोठं तळं, मग झाडांच्या रांगेमागे आणखी एक तळं. पावसाळा सरता सरता हा मुलूख पाहावा. बांध्यांमध्ये धान पोटरीला आलेला असतो, धुऱ्यांवर तुरीच्या ओळी उभ्या असतात आणि बांध्यांच्या वरच्या अंगाला एक लांब, गवताने झाकलेला मातीचा उंचवटा दिसतो. नवख्याला ती टेकडी वाटते. ती टेकडी नाही. माणसांनी डोक्यावर माती वाहून ती उभी केली आहे.

इथे तिला पार म्हणतात. पुण्या-साताऱ्याचा वाचक पार म्हटलं की वडाभोवतीचा ओटा डोळ्यांसमोर आणेल. पण इथल्या झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो. डोळ्याचा डोरा होतो, तशी तळ्याची पाळ पार होते. पारेच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला धान आणि मधून बैलगाडी जाईल एवढी वाट. या मुलखाचं सारं जगणं त्या वाटेच्या डाव्या-उजव्या अंगाला मांडलेलं आहे.

भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. हे तलाव आपोआप झालेले नाहीत, ही साधी गोष्ट मात्र आपण विसरत चाललो आहोत. ते कुणीतरी जागा पाहून, उतार जोखून, पिढ्यांचा विचार करून बांधले. ज्यांनी बांधले त्यांच्यातला एक माणूस नावानिशी ओळखला जातो: कोलू पाटील कोहळी.

सात बहिणींच्या कुशीत

कोलू पाटलाचं काम पाहायचं तर नवेगावबांधला जावं लागतं. नागपूर-रायपूर महामार्गावर साकोली ओलांडून कोहमाऱ्याला वळलं की रस्ता जंगलाकडे निघतो. 1 मे 1999 रोजी जिल्ह्याचं विभाजन झालं आणि नवेगाव गोंदिया जिल्ह्यात गेलं. त्याआधी ते भंडाऱ्याचंच. महसुली नकाशे वेगळे झाले तरी साकोलीजवळच्या शिवनीबांधपासून नवेगावपर्यंतचा हा सगळा पट्टा एकाच परंपरेने घडवलेला आहे.

पहिल्या भेटीत तळं एका नजरेत मावत नाही. पसारा सुमारे 11 चौरस किलोमीटरचा. चहूबाजूंनी डोंगर. त्या शिखरांना लोक सातबहिणी म्हणतात. डोंगरांच्या मधल्या खिंडीतून जे पाणी वाहून जात होतं, ते कोलू पाटलाने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांध घालून अडवलं. डोंगर होतेच, पाऊसही होता. त्याने नेमकी तेवढीच जागा बंद केली, जिथून पाणी निसटत होतं. मोठ्या रचनाकाराची ओळख इथेच पटते. त्याने निसर्गाकडून जास्तीत जास्त काम करून घेतलं आणि माणसाचे कष्ट जिथे लागतात तिथेच लावले.

कोलूच्या जन्ममृत्यूच्या तारखा तळ्याकाठी कुठे कोरलेल्या नाहीत. त्याचं चरित्र लोकांनी दैवतकथेच्या रूपात जपलं आहे. सातबहिणींनी त्याला बांध घालायला मदत केली, असं गावकरी सांगत आले. तोच कोलू पुढे कोलासुर देव झाला आणि तळ्याभोवतीच्या एका शिखरावर त्याचं ठाणं आहे. या कथेत मला कृतज्ञता दिसते. ज्याने पाणी दिलं त्याला लोकांनी पाण्यावर नजर ठेवायला वर बसवलं.

कोहळ्यांची नजर

कोहळी समाज या विद्येचा धनी. आर. व्ही. रसेल यांनी 1916 साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरच्या ग्रंथात कोहळ्यांची ओळखच वैनगंगा खोऱ्यातले मोठे तलाव बांधणारे लोक अशी करून दिली आहे. चांद्याच्या गोंड राजाने त्यांना काशीहून आणलं, अशी समाजाची परंपरा. ऊस हे त्यांचं लाडकं पीक. ऊस आणि धान, दोन्ही पाण्याची पिकं. म्हणून पाणी कसं राखावं हे त्यांच्या हाडीमासी मुरलं.

गोंड राज्याच्या धोरणाचाही यात मोठा वाटा होता. जो तलाव बांधेल त्याला त्या तलावाच्या पाण्यावर भिजेल तेवढी जमीन, अशी सनद हिरशहा राजाने दिल्याचं सांगतात. या एका नियमात केवढं शहाणपण आहे! तलाव जितका चांगला, तितकी जमीन जास्त. जागा चुकली, पार खचली तर नुकसान बांधणाऱ्याचं. त्यामुळे बांधणाऱ्याची नजर आपोआप पुढच्या पन्नास पावसाळ्यांवर जात असे.

इथे पावसाळ्यात बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांत पडून मोकळा होतो. खाली जुना, कठीण खडक. पाणी फारसं मुरत नाही, उतार सापडेल तिकडे धावतं. धानाला तर रोवणीपासून लोंबी भरेपर्यंत पाणी लागतं आणि शेवटच्या पंधरवड्यात पावसाने दगा दिला तर हाताशी आलेलं पीक जातं. ते शेवटचं पाणी देण्यासाठी तळं. दुष्काळी भागातली तळी तहान भागवतात, इथली तळी पावसाच्या दोन सरींमधलं अंतर सांधतात.

एखादं जुनं तुडूम जवळून पाहिलं की या विद्येची बारकाई कळते. तुडूम म्हणजे तळ्यातून पाटात पाणी सोडण्याची सोय. पारेच्या आतल्या अंगाला, पाण्याच्या काठाशी, दगडी बांधकाम असतं आणि त्यात एकाखाली एक भोकं. प्रत्येक भोकाला लाकडी दट्ट्या. तळं भरलेलं असताना सगळ्यांत वरचा दट्ट्या काढायचा. पाणी उतरलं की त्याच्या खालचा. नेहमी वरचंच पाणी बाहेर पडतं, म्हणून दट्ट्यावर खोल पाण्याचा दाब येत नाही आणि एकटा माणूस हाताने तो काढू-घालू शकतो. ना चाक, ना लोखंडी दार. दगडाच्या त्या कडा आता बोटांना गुळगुळीत लागतात. पाण्याने आणि माणसांच्या हातांनी मिळून त्या झिजवल्या आहेत.

जास्तीचं पाणी सांडव्यावरून खालच्या तळ्यात, तिथून त्याच्या खालच्या बोडीत. एका तळ्याची सांड ही दुसऱ्याची भर. उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की उघड्या पडलेल्या गाळावर गाळपेर. काठाच्या उथळ पाण्यात पाणवनस्पती, त्यांच्यात माशांची अंडी, मासे ढिवरांचे, म्हणजे मासेमारांचे, वनस्पतींवर पाखरं. हिवाळ्यात उत्तरेकडून बदकं येतात. भंडारा-गोंदियाचे सारस याच तळ्यांच्या आणि धानाच्या आधाराने टिकून आहेत. मारुती चितमपल्ली वनखात्याच्या नोकरीत इथे राहिले, नवेगावचे माधवराव पाटील यांच्यासोबत हे जंगल आणि हे पाणी वाचायला शिकले आणि त्यातून ‘नवेगावबांधचे दिवस’ लिहिलं. 1975 साली नवेगाव राष्ट्रीय उद्यान झालं. पण त्या उद्यानाच्या हृदयातलं पाणी अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याने साठवलं होतं, हे उद्यानात शिरताना प्रत्येकाने आठवावं.

मुस्काऊचा राजा आणि नवेगावचा पाटील

जमीन आणि पाणी हलवून आख्खं दृश्य घडवणाऱ्या माणसांची गोष्ट निघाली की युरोपात जर्मनीच्या हेरमान फॉन प्यूक्लर-मुस्काऊ याचं नाव आदराने घेतात. जन्म 1785, मृत्यू 1871. नाइसे नदीकाठच्या आपल्या मुस्काऊच्या जहागिरीत त्याने 1815 पासून तीस वर्षं एकच ध्यास घेतला. नदीचा एक फाटा काढून पाणी वळवलं, टेकड्यांना आकार दिला, झाडांचे पुंजके असे लावले की चालणाऱ्यापुढे दर वळणावर नवं चित्र उलगडावं. 1834 साली त्याने या कलेवर ग्रंथ लिहिला. या कामापायी तो कर्जात बुडाला आणि 1845 मध्ये मुस्काऊ विकावं लागलं. मग ब्रानित्झच्या सपाट माळावर त्याने पुन्हा आरंभ केला. तळी खोदली आणि निघालेल्या मातीचे पिरॅमिड रचले. त्यांतल्या एका तळ्याच्या मधोमध उभ्या मातीच्या पिरॅमिडमध्येच त्याला पुरलं आहे. शरदात त्यावरची वेल लाल होते आणि तो लाल डोंगर पाण्यात दिसतो.

तिकडे पाण्याच्या मध्यभागी निजलेला एक राजा, इकडे पाण्याकडे पाहत शिखरावर बसलेला एक पाटील. दोघांनीही मातीच हलवली, पाणीच वळवलं. प्यूक्लरने ते डोळ्यांसाठी केलं, कोलूने पोटासाठी. पण नवेगावच्या बांधावर संध्याकाळी उभं राहिलं, सातबहिणींची सावली पाण्यावर लांबताना पाहिली की हा फरक मला पुसट होत जाताना दिसतो. नीट रचलेली उपयोगाची गोष्ट सुंदर होतेच.

या दोघांच्या कामात खरा फरक पडला तो पुढच्या काळात. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1945 मध्ये, नाइसे नदी जर्मनी आणि पोलंडची सीमा झाली आणि मुस्काऊची बाग दोन देशांत विभागली गेली. तरी आज दोन्ही देश मिळून ती सांभाळतात. 2004 साली तिला युनेस्कोच्या जागतिक वारशात जागा मिळाली. आजही तिथे रोज माळी राबतात, मोकळी ठेवायची जागा मोकळी ठेवतात, वाढलेली झाडी छाटतात. घडवलेल्या जमिनीला हात लागतच राहावे लागतात, हे त्यांनी ओळखलं.

हात सुटला तेव्हा

आपल्याकडे तो हात मधेच सुटला. मालगुजाराच्या, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराच्या काळात तळ्याची डागडुजी हे गावाचं ठरलेलं काम होतं. पारेची भगदाडं बुजवणं, पाट साफ करणं, पाण्याच्या पाळ्या लावणं. ती व्यवस्था निर्दोष होती असं मी म्हणणार नाही. तिच्यात मालगुजाराचा वरचष्मा होता आणि राबणाऱ्याचा वाटा कमी होता. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, ते योग्यच झालं. पण मालगुजाराबरोबर तळ्याची राखणही गेली. तळी सरकारजमा झाली. कागदोपत्री त्यांचं नाव पडलं ‘माजी मालगुजारी तलाव’, लोकांच्या तोंडी मामा तलाव. पूर्व विदर्भात अशी साडेसहा हजारांहून अधिक तळी आहेत. लहान तळी जिल्हा परिषदेकडे, मोठी पाटबंधारे खात्याकडे आणि मासेमारी ढिवरांच्या सहकारी संस्थांकडे. एकेका तळ्याला दोन-दोन धनी झाले. पार पाहायला मात्र कुणाला सवड उरली नाही.

गाळ चढला. काठावर बेशरमाची झुडपं माजली. तळ्यात बाहेरच्या माशांचं बीज सोडलं गेलं आणि तळ्यातल्या मूळच्या वनस्पती कमी झाल्या. त्यांच्यामागे देशी मासे कमी झाले. हे ढिवर बायकांनी सगळ्यांत आधी ओळखलं, कारण बाजारात टोपली घेऊन त्याच बसतात.

आशा आहे ती इथेच. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासारख्या संस्थेने ढिवरांच्या ठेवणीतलं ज्ञान गोळा केलं: कोणत्या वनस्पतीत कोणता मासा अंडी घालतो, कोणती वनस्पती किती खोलीत वाढते. मग गावोगावच्या ढिवर स्त्री-पुरुषांनी तळ्यांतली बेशरमाची मुळं उपटली, उन्हाळ्यात तळाची जमीन नांगरली आणि देशी पाणवनस्पती हाताने लावल्या. चिखलात वाकून, ओळीने, धानाची रोवणी करावी तसंच. सरकारच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत काही तळ्यांचा गाळ निघून शेतात पडतो आहे. पण यंत्राने सरसकट गाळ उपसताना काठाचा उथळ उतार जपायला हवा. तो उतार गेला तर वनस्पतीला पाय ठेवायला जागा राहत नाही आणि तळ्याचा नुसता खड्डा होतो.

नवेगावला हिवाळ्यात जावं. पाखरं असतात, पाणी भरलेलं असतं, सकाळचं धुकं डोंगरांच्या कमरेला बसलेलं असतं. पण येता-जाता साकोली-लाखनीच्या वाटेवरच्या एखाद्या निनावी तळ्याशीही थांबावं. तिथे पाटी नसेल, तिकीट नसेल. पारेवर चढून आधी पाण्याकडे पाहावं, मग मागे वळून धानाकडे. पायाखालची माती कुणी वाहिली त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. कोलूला देव करून गावाने आपल्या परीने ऋण फेडलं. बाकीच्या हजारोंचं ऋण फेडायचा रस्ता एकच आहे: पार खचली असेल तिथे दरसाल एक टोपलं माती.