पाण्याला वाट देणारा प्राणी

शाळेच्या पुस्तकात स्पंजाची ओळख बहुतेक नकारांनीच होते. त्याला तोंड नाही, पोट नाही, हृदय नाही, स्नायू नाहीत, चेतातंतू नाहीत. ‘रंध्रीय संघ’ म्हणून त्याला सर्वांत खालच्या पायरीवर बसवायचे आणि तिथून चढत चढत माणसापर्यंत यायचे, अशी ती मांडणी. ही पायऱ्यांची कल्पनाच आपली दिशाभूल करते, असे माझे मत आहे. अवयव नसणे ही स्पंजाची उणीव मानली, तर त्याच्या जगभरच्या प्रसाराचा उलगडाच होत नाही. आज ९,०००हून अधिक जातींची नोंद आहे. कोकणात ओहोटीला उघड्या पडणाऱ्या कातळाच्या कपारींपासून अंटार्क्टिकाच्या गोठणाऱ्या पाण्यापर्यंत आणि ८,००० मीटरहून खोल समुद्रतळापर्यंत स्पंज आहेत. काही गोड्या पाण्यातही आहेत. अवयवांत बांधून न घेतलेल्या पेशी हेच त्यांचे भांडवल आहे.

स्पंज हा प्राणी आहे, हेच मुळात उशिरा पटले. १८२५च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये रॉबर्ट ग्रँट यांनी जिवंत स्पंजाच्या छिद्रातून पाण्याची धार सतत बाहेर पडताना पाहिली. १८३६ मध्ये त्यांनी या संघाला ‘पोरिफेरा’ हे नाव दिले. या शोधाचा एक धागा मुंबईतूनही जातो. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतले डॉक्टर हेन्री जॉन कार्टर यांनी १८४०च्या दशकात मुंबईच्या तलावांतले स्पंज सूक्ष्मदर्शकाखाली तपासून त्यांच्या रचनेवर आणि प्राणीपणावर लिहिले, आणि इंग्लंडला परतल्यावर समुद्री स्पंजांच्या वर्गीकरणाचे मोठे काम केले. मुंबईतल्या विज्ञानाचा इतिहास सांगताना हे नाव आवर्जून घ्यायला हवे. ग्रँटना दिसलेल्या त्या धारेमागची रचना पाहण्यासारखी आहे. बहुतेक स्पंजांच्या अंगात अगणित सूक्ष्म कक्ष असतात आणि त्यांना कॉलर पेशींचे अस्तर असते. प्रत्येक पेशीला एक हलती कशाभिका, आणि तिच्याभोवती बारीक तंतूंची चाळण. एकेका कशाभिकेचा जोर नगण्य असतो. पण पाटाचे पाणी खाचरात पसरले की संथ होते आणि बांधाच्या अरुंद तोंडातून निघताना वेग घेते, तोच हिशेब इथे आहे. सगळ्या कक्षांची मिळून रुंदी प्रचंड असल्याने पाणी तिथे रेंगाळते आणि त्यातले जिवाणू चाळणीत अडकतात. मग मोजक्या मोठ्या छिद्रांतून उष्टे पाणी असे दूर फेकले जाते की तेच पुन्हा आत येण्याची शक्यता कमी होते. दिवसभरात स्वतःच्या आकारमानाच्या हजारो पट पाणी स्पंज असे गाळू शकतो.

या गाळण्याचा फायदा एकट्या स्पंजाला होत नाही. उष्ण कटिबंधातले पाणी पोषणाच्या दृष्टीने गरीब, तरी प्रवाळभित्ती जीवांनी गजबजलेल्या, हे जुने कोडे आहे. प्रवाळ आणि शैवाले भरपूर सेंद्रिय द्रव्य पाण्यात सोडतात, पण ते विरघळलेले असल्याने बहुतेक प्राण्यांना खाता येत नाही. कॅरिबियन समुद्रातल्या क्युरसाव बेटाजवळ काम करणाऱ्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले, की भित्तीच्या कपारीतले स्पंज हे द्रव्य शोषतात आणि जुन्या पेशी झपाट्याने टाकून देतात. तो बारीक गाळ मग इतर छोटे प्राणी खातात. तिथल्या एका जातीत कॉलर पेशी ५-६ तासांत दुप्पट होतात. अंगाचा भाग इतक्या सहज टाकणे आणि नवा घडवणे, हे पक्क्या अवयवांच्या प्राण्याला झेपणारे नाही.

यावर एक रास्त आक्षेप येतो. पाणी खेळवणे हाच स्पंजाचा प्राण असेल, तर ते न करणाऱ्या स्पंजांचे काय? असे स्पंज आहेत. १९९५ मध्ये जाँ व्हासले आणि निकोल बुरी-एस्नो यांनी फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावरच्या एका गुहेतला मांसाहारी स्पंज जगापुढे आणला. खोल समुद्रासारखे थंड पाणी त्या गुहेत साठून राहते. या स्पंजाला ना कक्ष, ना कॉलर पेशी. आकड्यांसारख्या कंटिकांनी तो इवल्या कवचधारींना पकडतो, मग त्याच्या पेशी सरकत येऊन भक्ष्याला वेढतात आणि पचवतात. माझ्या मते हा अपवाद मूळ मुद्दा बळकट करतो. अन्न इतके विरळ, की पाणी गाळण्याचा खर्चही भरून निघू नये. तिथे स्पंजाने गाळणे सोडले, पेशींची मोकळीक सोडली नाही. हीच मोकळीक १९०७ मध्ये एच. व्ही. विल्सन यांनी दाखवली होती. त्यांनी स्पंज अक्षरशः वस्त्रगाळ केला. सुट्या झालेल्या पेशी सरकत एकत्र आल्या आणि त्यांतून पुन्हा स्पंज घडले.

दुसरा आक्षेप उत्क्रांतीचा. स्पंज प्राणिवृक्षाची सर्वांत जुनी फांदी, म्हणून तो साधा, असे म्हणतात. पण २०२३ मध्ये गुणसूत्रांच्या तुलनेतून, कंकतधारी म्हणजे ‘कोंब जेली’ ही फांदी आधी फुटली असावी, असा निष्कर्ष पुढे आला. आणि या प्राण्यांना स्नायू आहेत, चेतातंतूही आहेत. वाद मिटलेला नाही. तो कसाही मिटला, तरी आजचा स्पंज आपल्याइतकाच काळ उत्क्रांत होत आला आहे.

चेतातंतूंवाचून समन्वय अशक्य, हे म्हणणेही काच-स्पंजांपुढे टिकत नाही. सिलिकाचा सांगाडा असलेल्या या स्पंजांच्या पेशी एकमेकींत मिसळून अखंड जाळे होते. त्यातून विद्युत संदेश पसरतो आणि सगळ्या कशाभिका एकदम थांबतात. पाण्यात गाळ आला की स्पंज असा स्वतःला बंद करून घेतो. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर १९८७ मध्ये काच-स्पंजांच्या प्रचंड भित्ती सापडल्या. त्या सुमारे ९,००० वर्षे वाढत आल्या आहेत. अशा भित्ती तोवर जीवाश्मांतूनच ठाऊक होत्या. तळ खरवडणाऱ्या मासेमारीच्या जाळ्यांनी त्यांचे काही भाग चिरडले होते. २०१७ मध्ये त्यांना संरक्षण मिळाले, तेव्हा प्रत्यक्ष भित्तींच्या पलीकडच्या मासेमारीचाही विचार करावा लागला, कारण जाळ्याने दूर उठवलेला गाळ प्रवाहाबरोबर येतो. गाळ ओसरेपर्यंत स्पंज बंद राहतो, आणि बंद असतो तोवर उपाशी असतो.