पाच तारे घेतले, तरी वीजबिल का उतरत नाही?

‘पाच तारे म्हणजे बिल कमी’ हा समज अर्धाच खरा आहे. एसीच्या लेबलवर वर्षाचे जे युनिट छापलेले असतात, ते एसी १६०० तास चालेल असं धरून काढलेले असतात. ठाणे-डोंबिवलीतल्या कित्येक घरांत एसी लागतो तो एप्रिल-मेमध्ये, तोही रात्रीच. रोज आठ तास धरले तरी दोन महिन्यांचे होतात ४८८ तास. म्हणजे दोन एसींच्या लेबलांत २०० युनिटांचा फरक असेल, तर तुमच्या घरात तो साठाच्या आसपास उरतो. तेवढ्यासाठी किती हजार जास्त मोजायचे, ते दुकानातच ठरवावं. घरी वयस्कर किंवा आजारी माणूस असेल, दुपारीही एसी लागत असेल, तर मात्र पाच ताऱ्यांचाच घ्यावा. लेबलवरचं सालही बघावं. जुलै २०२२ मध्ये निकष कडक झाले आणि आधीचे पाच तारेवाले एसी चारवर आले.

‘पंख्याला असा कितीसा करंट लागतो?’ खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत हा समज सर्वांत महाग पडतो, कारण इथे पंखा वर्षातले दहा महिने फिरतो. जुना पंखा ७५ वॉटचा, तर बीएलडीसी पंखा तिशीच्या आसपास. रोज बारा तास आणि ३०० दिवस धरले, तर एका पंख्यामागे १६२ युनिट वाचतात. वर मांडलेल्या एसीच्या हिशेबापेक्षा हे अडीचपटींहून जास्त आहेत आणि पंख्याची किंमत एसीच्या तुलनेत किरकोळ. फ्रिजचंही तसंच. तो चोवीस तास चालू असतो, त्यामुळे त्याच्यावरचा प्रत्येक तारा कामाचा.

वाचलेले युनिट स्वस्त दराचे नसतात, हेही लक्षात घ्या. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. महिन्याला ३४० युनिट जाळणाऱ्या घराने ४० वाचवले, की ते सगळे वरच्या, महाग टप्प्यातून कमी होतात. स्थिर आकार मात्र तसाच राहतो, त्यामुळे ‘बिल निम्मं होईल’ या विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका.

मधल्या मजल्यावरच्या घराने उष्णतारोधक कामावर खर्च करण्यात फारसा अर्थ नाही. वरच्या मजल्याची गोष्ट वेगळी. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री ती उष्णता खोलीत सोडतो आणि पाच ताऱ्यांचा एसीही तिच्याशी झगडत बसतो. गच्चीला उष्णता परतवणारा पांढरा थर द्यावा किंवा सावली करावी. गळतीसाठी घातलेला पत्रा, खालून वारा खेळता असेल, तर हेही काम करतो.

आणि इमारतीच्या निकषांचं काय? केंद्राची ‘इको निवास संहिता’ डिसेंबर २०१८ मध्ये आली. भिंती, छत आणि खिडक्यांतून किती उष्णता आत येते, हे तीत मोजलं जातं. त्यामुळे नवं घर घेताना तिचा खरा उपयोग. जुन्या इमारतीची दिशा आणि भिंती काही बदलता येत नाहीत. माहितीपत्रकावरचं ‘हरित’ प्रमाणपत्र आराखड्याला मिळालंय की बांधून झालेल्या इमारतीला, हे बिल्डरला जरूर विचारा.

‘सोलर बंगलेवाल्यांसाठी’ हा समजही सोडून द्यावा. पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण सोसायट्यांना पंप, लिफ्ट, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान मिळतं. गच्ची सोसायटीची असल्यामुळे हा विषय सर्वसाधारण सभेतच घ्यावा लागेल. तिथेच टाकीच्या गळतीचा विषयही काढा, कारण वाहून गेलेलं पाणी पंपाने पुन्हा वर चढवण्याची वीज सगळ्यांच्याच मेंटेनन्समधून जाते.