कोंढ्याच्या सरळ उत्तरेला

भंडाऱ्याहून अड्याळमार्गे पवनीला निघालं की वाटेत कोंढा लागतं. धानाच्या बांध्या, तलाव, बोड्या आणि पलीकडे वैनगंगा. नकाशावर हे गाव एकविसाव्या अक्षांशाच्या किंचित खाली आणि पावणेऐंशी अंश पूर्व रेखांशाच्या आसपास येतं. हाच रेखांश धरून उत्तरेला निघालं आणि डावी-उजवीकडे वळलंच नाही, तर उत्तर ध्रुव सुमारे ७,७०० किलोमीटरवर आहे. रेल्वेने नागपूर ते मुंबई असा प्रवास नऊ वेळा केला की साधारण एवढं अंतर भरतं.

या रेषेवर पुढे शिवनी जिल्हा येतो, तिथेच वैनगंगेचा उगम. हजारेक किलोमीटरवर अल्मोडा, मग उजव्या हाताला ७,८१६ मीटर उंचीची नंदादेवी. तिबेट ओलांडला की तकलामाकानचं वाळवंट, त्यानंतर तिएन शान पर्वत आणि कझाकस्तानचं गवताळ माळरान. नेमकं अर्धं अंतर संपतं तिथे पश्चिम सायबेरियातली वास्युगानची दलदल पसरलेली आहे. तिचं क्षेत्रफळ ५३ हजार चौरस किलोमीटर, अर्ध्या विदर्भाहून जास्त, आणि सगळं पाणी, शेवाळ आणि हजारो वर्षं न कुजता साठत गेलेलं गवत. पाच हजार किलोमीटर झाले की आर्क्टिक वृत्त ओलांडलं जातं. ५,८०० च्या सुमारास जमीन संपते आणि कारा समुद्र सुरू होतो.

या लेखात पुन्हा पुन्हा कारा समुद्राकडे यायचं आहे. कोंढ्याच्या सरळ उत्तरेला पहिला समुद्र लागतो तो हाच, आणि आपल्या पावसाशी त्याचं नातं असावं असं आता संशोधक सांगू लागले आहेत.

त्याआधी माणसांविषयी. या समुद्राला मिळणाऱ्या येनिसेई नदीच्या मुखाजवळ, ७२ व्या अक्षांशावर, २०१२ साली एका मॅमथचं शव सापडलं. एका शाळकरी मुलाला ते काठाच्या मातीतून डोकावताना दिसलं होतं. शव बाहेर काढल्यावर त्याच्या बरगड्यांवर, खांद्याच्या हाडावर आणि गालाच्या हाडावर टोकदार हत्यारांचे घाव आढळले. ही माणसांनी केलेली शिकार होती. वय निघालं ४५ हजार वर्षं. व्लादिमीर पितुल्को आणि सहकाऱ्यांचा हा शोध २०१६ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. माणूस इतक्या उत्तरेला इतक्या आधी पोचला असेल, असं तोवर कुणी धरलं नव्हतं.

४५ हजार हा आकडा तोंडाने म्हणायला सोपा, पण मनात मावत नाही. पिढ्यांनी मोजू. पंचवीस वर्षांची एक पिढी धरली, तर पवनीचा जगन्नाथ टेकडीवरचा स्तूप बांधणारी माणसं आपल्यापासून नव्वदेक पिढ्या दूर आहेत. १९६९-७० साली शां. भा. देव आणि जगतपती जोशी यांच्या उत्खननात हा स्तूप उजेडात आला. त्या नव्वद पिढ्यांतच आपला सगळा लिहिलेला इतिहास मावतो: सातवाहन, वाकाटक, गोंड राजे, भोसले, इंग्रज. मॅमथच्या खांद्यात भाला खुपसणारा माणूस १,८०० पिढ्या दूर आहे.

उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाचा आणि माणसाच्या आठवणीचा एकत्र विचार मराठी माणसाने फार पूर्वी केला आहे. लोकमान्य टिळकांचं ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ १९०३ साली प्रसिद्ध झालं. वेदांतली लांबलचक उषा, कित्येक दिवस न संपणारी पहाट हे ध्रुवप्रदेशाचं वर्णन आहे, आणि हिमयुगाच्या बर्फामुळे वेद रचणाऱ्यांचे पूर्वज दक्षिणेकडे आले, असा त्यांचा सिद्धान्त होता. आजचं भाषाशास्त्र आणि पुरातत्त्व तो मानत नाही, आर्यभाषांचं मूळ त्यांना ध्रुवापाशी नाही, गवताळ प्रदेशात दिसतं. तरी त्या पुस्तकातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. शेवटचं हिमयुग ८० हजार वर्षांपूर्वी संपलं असं मानणारा मोठा पक्ष तेव्हा होता. टिळकांनी अमेरिकी भूवैज्ञानिकांचा पुरावा वाचला, तोलला आणि सुमारे दहा हजार वर्षांचा आकडा धरला. आज विज्ञान ११,७०० वर्षं सांगतं. किरणोत्सारी कार्बनची कालमापनाची रीत तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हती, हे लक्षात घेतलं तर त्या निवडीचं वजन कळतं.

आता बर्फ मोजू, आणि त्यासाठी माप घरचंच घेऊ. पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसेखुर्दचं धरण आहे. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते त्याचं भूमिपूजन झालं. धरणाची लांबी अकरा किलोमीटरहून जास्त, दरवाजे ३३, आणि पूर्ण भरल्यावर पाणीसाठा १,१४६ दशलक्ष घनमीटर. या पाण्यासाठी किती गावं उठली, किती घरांचे उंबरठे पाण्याखाली गेले, ते या भागातल्या माणसांना सांगावं लागत नाही. म्हणून हेच माप: एक गोसे म्हणजे जवळजवळ ११५ कोटी टन पाणी.

ग्रीनलंडच्या बर्फाच्या थरातून गेली वीसेक वर्षं सरासरीने दरवर्षी सुमारे २७० अब्ज टन बर्फ कमी होतो आहे. भागाकार केला की २३५ गोसे येतात, एका वर्षात. म्हणजे दर ३७ तासांनी काठोकाठ भरलेलं एक गोसे समुद्रात रिकामं होतं. आज सकाळी एक, उद्या रात्री दुसरं, आणि हे वर्षानुवर्षं चालू. ग्रीनलंडवर अजून शिल्लक किती? सुमारे २३ लाख गोसे. तो सगळा वितळला, तर जगभरच्या समुद्राची पातळी सात मीटरहून जास्त वाढेल.

समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाचा हिशेब वेगळा आहे, तिथे क्षेत्रफळ मोजतात. आर्क्टिक समुद्रावर दरवर्षी सप्टेंबरमध्ये सर्वांत कमी बर्फ उरतो. १९८१ ते २०१० या काळात ही सरासरी ६२ लाख चौरस किलोमीटर होती. २०१२ च्या सप्टेंबरात ती ३४ लाखांवर आली, भारताच्या क्षेत्रफळाहून जेमतेम जास्त. नऊ महाराष्ट्र मावतील एवढं पांढरं छप्पर त्या उन्हाळ्यात नव्हतं. बर्फ ऊन परत फेकतो, उघडं काळं पाणी ते पिऊन घेतं, पाणी तापलं की आणखी बर्फ जातो. या चक्रामुळे १९७९ पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीपेक्षा जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. कारा समुद्राच्या पश्चिमेला नोवाया झेमल्या बेटांजवळ हा वेग काही ठिकाणी सातपट भरतो.

याची किंमत तिथल्या माणसांनी मोजायला सुरुवात केली आहे. कारा समुद्राच्या काठी यामाल द्वीपकल्पावर नेनेत्स लोक रेनडिअरचे कळप घेऊन राहतात. कळपांमागे वर्षाला शेकडो किलोमीटर चालायचं, तंबू उभारायचा, पुन्हा मोडायचा. २०१३ च्या नोव्हेंबरात तिथे बर्फाऐवजी पाऊस पडला. मग थंडी परतली आणि ओल्या बर्फाचा कडक पापुद्रा झाला. रेनडिअर खुराने बर्फ उकरून खालचं शेवाळासारखं दगडफूल खातो, तो पापुद्रा त्याला फोडता येईना. पावणेतीन लाख जनावरांपैकी ६१ हजार उपाशी मेली. अभ्यासकांनी कारण शोधलं तेव्हा बोट समुद्राकडे गेलं: शरदात बर्फ धरला नव्हता, उघड्या पाण्याची वाफ झाली आणि ती किनाऱ्यावर पाऊस होऊन कोसळली.

या समुद्राचं आपल्याशी असलेलं नातं शोधलं जातंय ते गोव्यात. वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्र आहे. भारताचं ‘हिमाद्री’ हे आर्क्टिक स्थानक तेच चालवतं. १ जुलै २००८ ला ते नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर न्यु-ऑलेसुंड इथे सुरू झालं, ध्रुवापासून सुमारे १,२०० किलोमीटरवर, जिथे हिवाळ्यात जवळजवळ चार महिने सूर्य क्षितिजावर येत नाही. २०२३ च्या डिसेंबरपासून आपली माणसं त्या अंधारातही तिथे काम करू लागली. याच केंद्राच्या संशोधकांनी २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. कारा समुद्रात उन्हाळ्यात बर्फ कमी असला, तर मध्य भारतात सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीची शक्यता वाढते, असा त्याचा निष्कर्ष आहे. उघड्या पाण्यावरची ऊब वरच्या हवेचा प्रवाह बदलते, ती लाट वायव्य युरोपावरून आशियाकडे येते, आणि त्याच वेळी अरबी समुद्र तापलेला असला तर बाष्प ओसंडून वाहतं. संशोधकांनी याला संभाव्य संबंध म्हटलं आहे, आणि तेवढाच तो धरायला हवा.

पण सप्टेंबर म्हणजे आपल्याकडे काय, ते बांधीवर उभं राहिल्यावर कळतं. रोवणी होऊन गेलेली, तलाव तुडुंब, आणि धान निसवायला लागलेला. याच दिवसांत जोराचा पाऊस झाला तर लोंबीत दाणा भरत नाही, उभं पीक लोळतं. म्हणजे ५,८०० किलोमीटरवरच्या एकाच पाण्याने नेनेत्सचा रेनडिअर उपाशी मरतो आणि कदाचित आपल्या लोंब्याही पोचट राहतात.

पाण्याइतकंच जमिनीचंही. उत्तरेकडची कायम गोठलेली जमीन दीड कोटी चौरस किलोमीटरच्या आसपास आहे आणि तिच्यात सुमारे दीड लाख कोटी टन कार्बन साठलेला आहे, आज संपूर्ण वातावरणात आहे त्याच्या दुपटीच्या जवळ. सायबेरियात वेर्खोयान्स्कला १८९२ मध्ये उणे ६७.८ अंश नोंदले गेले होते, २० जून २०२० ला तिथेच ३८ अंश नोंदले गेले. एकाच गावात जवळजवळ १०६ अंशांचा फरक. २०१६ च्या उन्हाळ्यात यामालमध्ये ही जमीन वितळली आणि दशकानुदशकं गाडलेला काळपुळीचा रोग वर आला. तिथे या रोगाची आधीची साथ १९४१ सालची. दोन हजारांहून जास्त रेनडिअर गेले, बारा वर्षांचा एक मुलगाही गेला.

गोठलेल्या जमिनीने चांगल्या गोष्टीही जपल्या. या रेषेच्या थोडं पूर्वेला, अल्ताई पर्वतातल्या पाझिरिक थडग्यांत सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी घोडे धन्यासोबत पुरलेले होते. घोड्यांची कातडी, खोगिरं, धन्याच्या अंगावरचं गोंदण, रंगीत गालिचा, सगळं बर्फात टिकलं. साधारण त्याच सहस्रकात नागपूरजवळ माहुरझरीलाही शिलावर्तुळांखाली घोडे पुरले जात होते. पवनीत काम केलेल्या देवांनीच ते १९७० नंतर उकरले. आपल्या मातीत कातडं उरलं नाही, लाकूड उरलं नाही, हाडं आणि घोड्याच्या डोक्यावरचा तांब्याचा साज तेवढा उरला. आता अल्ताईतला बर्फही वितळतो आहे. जी थडगी अजून उघडलेली नाहीत, त्यांतलं गोंदण, कापड, केस कुणी बघण्याआधीच कुजून जाईल. ज्ञानाचं याहून मोठं नुकसान मला सुचत नाही.

आणि तरी उत्तरेहून दरवर्षी न चुकता येणारं कुणीतरी आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत मिळून जवळपास सात हजार मालगुजारी तलाव आहेत. त्यांतले कितीतरी कोहळी समाजाने बांधले. १९५१ साली मालगुजारी ही जमीनदारी पद्धत गेली आणि तलाव सरकारकडे आले. हिवाळ्यात या तलावांवर तलवार बदकं उतरतात, आणि पाणी ओसरलेल्या चिखलात छोटा टिलवा धावताना दिसतो. वजन २५-३० ग्रॅम, मूठभर धानाएवढं. तो अंडी घालतो आर्क्टिकच्या टुंड्रात, नॉर्वेपासून कारा समुद्राच्या काठाने तैमिरच्याही पलीकडे. या रेषेवरची वाळवंटं आणि पर्वत त्याला वर्षातून दोनदा मागे टाकायचे असतात. एका टिलव्याच्या जाण्यायेण्याचे अकरा-बारा हजार किलोमीटर सहज होतात.

या पक्ष्यांचं काय होईल, याचा एक धडा त्यांच्या एका भाऊबंदावर वाचता येतो. तैमिरमध्ये वाढणारा आणि आफ्रिकेत हिवाळा काढणारा रेड नॉट हा जरा मोठा चिखलपक्षी. यान फान गिल्स आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं, की ३३ वर्षांत तिथलं बर्फ वितळणं दोन आठवड्यांनी अलीकडे आलं आहे. पिल्लं बाहेर येतात तोवर किडे होऊन गेलेले असतात, म्हणून पिल्लं लहान राहतात, चोच आखूड राहते. मग आफ्रिकेच्या किनाऱ्यावर वाळूत खोल दडलेल्या शिंपल्यांपर्यंत ती चोच पोचत नाही आणि पक्षी मरतो. उत्तरेत चुकलेल्या दोन आठवड्यांची शिक्षा हजारो किलोमीटर दक्षिणेला काही मिलिमीटरच्या फरकाने भोगावी लागते.

असा अभ्यास करायला उपग्रह लागतोच असं नाही. पहिला टिलवा चिखलात कधी दिसला, शेवटचा कधी उडाला, तलाव काठोकाठ कधी भरला, धान कधी निसवला, या चार तारखा एका वहीत दरवर्षी लिहिल्या तर वीस वर्षांत त्या वहीला गोव्यातल्या संशोधकांच्या तक्त्यांशेजारी जागा मिळेल. कोंढ्यातल्या कोणत्याही शाळेतल्या आठवीच्या मुलींना हे काम या हिवाळ्यापासून जमण्यासारखं आहे. पहिली तारीख लिहायची ती टिलवा उतरेल त्या दिवशी.