कंबर किती?

वैद्यकीय तपासणीच्या दिवशी प्रत्येक कॅडेट मला आपले वजन विचारतो, उंची तर दोनदा विचारतो. कंबर किती भरली हे क्वचितच कोणी विचारतो. ज्या दुखण्याविषयी येथे लिहायचे आहे, त्याची पहिली खूण मात्र वजनकाट्यावर नव्हे, मोजपट्टीवर दिसते.

त्याचे नाव मेटाबॉलिक सिंड्रोम. हा एक आजार नसून पाच खुणांची टोळी आहे. पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटर किंवा बाईची ८० च्या पुढे. रक्तदाब १३०/८५ किंवा जास्त. उपाशीपोटी साखर १०० किंवा जास्त. ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त. आणि 'चांगले' एचडीएल कोलेस्टेरॉल पुरुषात ४० हून, बाईत ५० हून कमी. पाचांपैकी कोणत्याही तीन एकत्र आल्या की मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका बराच वाढतो. दुखत काहीच नाही, म्हणून माणूस तपासायला जात नाही. हे आकडे प्रौढांचे आहेत. कॅडेटनी ते स्वतःला न लावता सुट्टीत आई-बाबांना लावावेत.

या खुणा एकत्र का येतात? पोटाच्या आत, अवयवांभोवती साठलेली चरबी स्वस्थ बसत नाही. तिच्यातून सुटणारी मेदाम्ले यकृतात जातात. यकृत आणि स्नायू इन्सुलिनचे ऐकेनासे होतात, म्हणून स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडते. साखर काही वर्षे ताब्यात राहते, पण तोवर रक्तातील चरबी बिघडते, मूत्रपिंडे मीठ धरून ठेवतात आणि रक्तदाब चढतो. अमेरिकेतील डॉ. जेराल्ड रेव्हन यांनी १९८८ साली या साखळीला 'सिंड्रोम एक्स' म्हटले होते.

"आमचे बाबा तर सडपातळ आहेत," असे म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे उदाहरण पाहावे. २००४ साली त्यांनी आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच आकडे छापले. दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२! बारीक हातपाय आणि आत लपलेली चरबी, ही आपल्याकडची नेहमीची ठेवण आहे.

निवृत्त फौजी पालकांना थोडे स्पष्टच सांगतो. व्यायामाची पेन्शन मिळत नाही. पळण्याने स्नायू इन्सुलिनला जो प्रतिसाद देतात, तो व्यायाम थांबल्यावर काही दिवसांतच उतरू लागतो. भूक मात्र लंगरमधलीच राहते. आमचे कॅडेटही सुट्टीत तेच करतात. पीटी बंद, रात्री एकपर्यंत मोबाईल, सकाळी दहाला पराठे. वाढत्या वयात आठ ते दहा तास झोप हवी, आणि ती रात्रीचीच.

उपाय महागडे नाहीत. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चाला: काम करणारा स्नायू फारशा इन्सुलिनवाचूनही रक्तातली साखर ओढून घेतो. ताटाचा अर्धा भाग भाज्या आणि फळांचा असू द्या, वरण किंवा उसळ वाढवा, भात-पोळी थोडी मागे घ्या. दोन चमचे साखरेचे चार चहा म्हणजे सुमारे ४० ग्रॅम साखर. दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहणे उत्तम. लोणचे-पापडातले मीठही हिशेबात धरा. तंबाखूबद्दल वेगळे सांगायला नको.

याने खरेच फरक पडतो का? भारतीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमाच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ज्यांनी आहार आणि चालणे सांभाळले, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले. विशेष म्हणजे त्यांचे वजन फारसे उतरले नव्हते. ज्यांना आधीच गोळ्या चालू आहेत, त्यांनी त्या स्वतःहून बंद करू नयेत.

कंबर मोजताना पॅंटचा नंबर सांगू नका. पट्टा पोटाखाली बसतो, त्यामुळे ३४ ची पॅंट घालणाऱ्याचे पोट ४० इंच असू शकते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडून, मोजपट्टी धरा. मोजपट्टी नसेल तर आपल्या उंचीएवढी सुतळी कापून ती दुमडून अर्धी करा. ती कमरेभोवती पुरली पाहिजे. ही परीक्षा मात्र कॅडेटनाही लागू आहे.