हारांआडची मोटार

ज्या काळी मोटार ही वस्तू सामान्य माणसाच्या आयुष्यात लग्नाच्या दिवशी तेवढी, आणि तीही कोणा परिचिताकडून मागून आणलेली, अशी येत असे, त्या काळातील छायाचित्रे मुंबईच्या उपनगरांतील जुन्या घरांत आजही जपून ठेवलेली आढळतात. त्यांच्या पाठीवर तारीख क्वचितच लिहिलेली असते. चित्रातील वडीलधारी माणसे निघून गेलेली असतात. आणि ‘हे लग्न नेमके कोणत्या साली झाले?’ या नातवाच्या प्रश्नाला उत्तर देणारा एकच साक्षीदार चित्रात उरलेला असतो, तो म्हणजे मोटार. या मुक्या साक्षीदाराची जबानी घेणे हा ज्यांचा व्यासंग आहे अशी काही मंडळी मुंबईत आहेत, आणि त्यांच्या वादविवादांत जितका कसून पुरावा मागितला जातो तितका पुष्कळदा इतिहासाच्या सभांतही मागितला जात नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे.

मानखुर्दच्या एका कुटुंबातील असे एक छायाचित्र अशाच एका बैठकीत पाहण्याचा योग मला आला. मांडवाच्या दाराशी एक लांबरुंद, फुगीर अंगाची गाडी उभी आहे; तिच्या बॉनेटवरून झेंडूचे हार असे सोडले आहेत की, जो भाग जाणकाराला सर्वांत आधी पाहावयाचा असतो, म्हणजे नाकावरचा पुतळा आणि ग्रिल, तोच नेमका झाकला गेला आहे. नंबराच्या पाटीवर ‘बीएम’ एवढीच अक्षरे दिसतात, बाकीचा मजकूर हाराखाली. तरीही पहिल्या काही क्षणांतच दोन गोष्टींवर सर्वांचे एकमत झाले. समोरची काच मधोमध दांडीने दुभंगलेली आहे आणि मागचे मडगार्ड अंगाबाहेर वेगळे फुगून आले आहे, त्या अर्थी ही क्रायस्लर घराण्यातील १९५२ किंवा त्यापूर्वीची गाडी. कारण १९५३ साली त्या घराण्याने एकसंध काच आणली.

खरा तंटा पुढे सुरू झाला, आणि तो समजण्यासाठी मानखुर्दहून फार दूर जावे लागत नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्यास होता. आज त्या जागेवर कोहिनूर सिटीच्या इमारती उभ्या आहेत. क्रायस्लरशी झालेल्या करारान्वये तेथे १९४७पासून डॉज, डिसोटो आणि प्लिमथ या तीन नावांच्या गाड्या तयार होऊ लागल्या. परंतु परदेशी विक्रीसाठी योजलेल्या स्वस्त प्रकारांत या तिन्ही नावांखाली धड एकच, प्लिमथचे, असे; भेद असे तो मुखवट्याचा. प्लिमथच्या नाकावर ‘मेफ्लॉवर’ हे शिडाचे जहाज, डॉजच्या नाकावर शिंगे उगारलेला मेंढा, आणि डिसोटोच्या ग्रिलला दातांसारख्या उभ्या जाड पट्ट्या. तेव्हा मुखवटाच झाकलेला असता नाव सांगावयाचे कसे?

“अहो, ही डिसोटोच,” बैठकीतील एक वयोवृद्ध गृहस्थ भिंग टेकवीत म्हणाले, “हाराच्या फटीतून दोन दात स्पष्ट दिसताहेत.” त्यावर दुसऱ्यांनी, ते दात नसून लोंबणाऱ्या माळांच्या सावल्या आहेत, अशी शंका काढली, आणि ती निराधार नव्हती, कारण ऊन तिरपे होते व तशाच सावल्या मडगार्डावरही पडल्या होत्या. मग सावल्यांची जाडी मोजण्यात आली, दोन दातांमधील अंतराची तुलना दुसऱ्या एका निःसंशय डिसोटोच्या चित्राशी करण्यात आली, आणि अखेर छायाचित्राच्या नोंदीत ‘१९५२ किंवा त्यापूर्वीची, क्रायस्लर घराणे, बहुधा डिसोटो’ असे लिहिण्याचा फैसला झाला. या ‘बहुधा’ शब्दासाठी दोन्ही पक्षांनी केलेली घासाघीस मला फार मोलाची वाटली.

याहूनही महत्त्वाचा विवेक पुढचा. एखादी गाडी १९५० सालची ठरली म्हणून लग्न १९५० सालचे ठरत नाही. मोटार छायाचित्राच्या काळाची फक्त आरंभीची हद्द सांगते: गाडी तयार होण्यापूर्वी तिचे चित्र निघणे शक्य नाही, एवढेच, नंतर मात्र ती दहा-वीस वर्षेही रस्त्यावर असू शकते. दुसरी हद्द अन्यत्र शोधावी लागते. नंबराची पाटी ‘बी’ने सुरू होणारी, म्हणजे मुंबई राज्याच्या अमदानीतील, असेल, तर तिची नोंदणी १ मे १९६०च्या महाराष्ट्र स्थापनेपूर्वीची समजावी; परंतु तो दाखला गाडीचा, चित्राचा नव्हे. रस्त्यात ट्राम धावताना दिसली, तर चित्र ३१ मार्च १९६४नंतरचे नाही, कारण त्या दिवशी मुंबईची शेवटची ट्राम धावली. आणि मानखुर्दच्या मंडळींनी खाडीच्या पुलावर गाडी उभी करून काढून घेतलेले छायाचित्र असेल, तर त्याला १९७३ ही आरंभीची हद्द आपोआप मिळते. त्या वर्षी पूल खुला होईपर्यंत मानखुर्दपुढे पूर्वेला मोटारीची वाटच नव्हती.

याहून जुन्या चित्रांत कसोट्या बदलतात. फोर्डच्या मॉडेल टी गाडीचा रेडिएटर पितळेचा चकाकणारा असेल तर ती १९१६ किंवा त्यापूर्वीची. काळ्या रंगाचा असेल तर पुढची. हिंदुस्थानात येणाऱ्या या गाड्या बहुतांशी कॅनडातून येत, म्हणून त्यांचे सुकाणूचे चक्र उजवीकडे आणि पुढची दोन्ही दारे खरी असत. अमेरिकेत बनलेल्या गाडीत चालकाच्या बाजूचे दार कित्येक वर्षे नुसते पत्र्यावर उठवून दाखविलेले असे. मुंबईच्या एखाद्या चित्रात चक्र डावीकडे दिसले की जाणकार आधी छपाईकडेच संशयाने पाहतो, कारण निगेटिव्ह उलटी ठेवून छापण्याची चूक जुन्या काळी वारंवार घडे. मग तो बायकांचे पदर पाहतो: पदर उजव्या खांद्यावर असतील तर चित्र उलटे छापले गेले असावे. मात्र घर गुजराती असेल तर उजव्या खांद्यावरचा पदर हीच तेथील रीत, आणि हा पुरावा तेथे निकामी ठरतो. अशा वेळी दुकानाच्या पाटीवरील एखादे अक्षर शोधावे लागते. १९२८पासून शिवडीस जनरल मोटर्सने शेवरोले जुळविण्यास आरंभ केला, आणि त्या वर्षानंतरच्या चित्रांत शेवरोले इतक्या विपुल दिसतात की, नवशिका प्रत्येक उघड्या टपाच्या गाडीला तेच नाव देऊन मोकळा होतो.

लोकांचे कुतूहल साहजिकच राजेरजवाड्यांच्या गाड्यांकडे अधिक असते. कोल्हापूरच्या छत्रपतींची केशरी मेबॅक दसऱ्याच्या सोहळ्यात अजून पाहावयास मिळते आणि तिला ओळखण्यासाठी कोणाला भिंग लावावे लागत नाही. मला मात्र मोल वाटते ते सामान्य गाडीच्या ओळखीचे, कारण दुर्मिळ गाडीचे दप्तर राखले जाते आणि ‘डुक्कर फियाट’चे कोणी राखत नाही. कुर्ल्यातच १९५४पासून बनू लागलेली ती फियाट ११००, जिची पुढची दारे उलट्या बाजूने उघडत, पुढे नावे बदलत बदलत पद्मिनी झाली. आणि ऑक्टोबर २०२३मध्ये टॅक्सी म्हणूनही ती मुंबईच्या रस्त्यावरून नाहीशी झाली. आज आपल्याला ती न सांगता ओळखता येते. आणखी तीस वर्षांनी डिलाइट, प्रेसिडेंट आणि पद्मिनी यांच्यातील भेदासाठी अशीच बैठक भरवावी लागेल.

या विद्येचा उपयोग केवळ अल्बमापुरता नाही. २०२१ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीस ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते, आणि मूळ रूप कोणते होते हे ठरविताना कारखान्याच्या कागदपत्रांइतकेच, कित्येकदा त्याहून अधिक, असे एखादे घरगुती छायाचित्र दुरुस्ती करणाऱ्याच्या कामी येते: हेडलाइट कोठे होता, फूटबोर्ड किती रुंद होता, सुटे चाक कोणत्या बाजूस टांगलेले होते. म्हणून ज्यांच्या घरी अशी चित्रे आहेत त्यांनी ती जाणकारास देताना फक्त माणसांचे चेहरे कापून देऊ नयेत. कडेला अर्धवट आलेले चाक, पाटीचा तुकडा आणि चित्राची पाठ यांचीही प्रत अवश्य करून द्यावी.