पोथी नसलेला पंथ: रोमन साम्राज्यातील मिथ्रासच्या खुणा

दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बवर्षावाने उद्ध्वस्त झालेल्या लंडनच्या वॉलब्रुक भागात पुरातत्त्वज्ञ डब्ल्यू. एफ. ग्राइम्स यांचे उत्खनन संपत आले होते. १८ सप्टेंबर १९५४ रोजी तेथे एका तरुणाचे संगमरवरी मस्तक सापडले. त्याच्या डोक्यावरील पुढे झुकलेल्या टोपीवरून ओळख पटली. ते मिथ्रास या देवाचे मंदिर होते. ते पाहण्यासाठी पुढील काही दिवसांत लाखो लोकांनी रांगा लावल्या.

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीपासून चौथ्या शतकापर्यंत हा पंथ ब्रिटनपासून सीरियापर्यंत पसरला होता. सैनिक, जकात खात्यातील सेवक, व्यापारी आणि गुलामही त्याचे अनुयायी होते; स्त्रियांना मात्र प्रवेश नव्हता. या पंथाची स्वतःची एकही पोथी हाती आलेली नाही. त्यामुळे त्याचा इतिहास मुख्यतः भिंती, मूर्ती आणि शिलालेखांवरूनच वाचावा लागतो.

या मंदिरांची रचना बहुतेक ठिकाणी सारखीच आहे: गुहेसारखी अरुंद, अंधारी खोली, दोन्ही बाजूंना भोजनासाठी रेलून बसण्याचे ओटे आणि समोर वृषभवधाचे शिल्प. त्यात मिथ्रास बैलाच्या पाठीवर गुडघा रोवून खंजीर खुपसतो. कुत्रा, साप आणि विंचू बैलाकडे झेपावतात. आणि शेपटीच्या टोकाला गव्हाच्या लोंब्या फुटलेल्या असतात. इंग्लंडच्या उत्तरेकडील हेड्रियनच्या तटबंदीजवळ, कॅरॉबर्ग येथे लष्करी अधिकाऱ्यांनी अर्पण केलेल्या वेदी सापडल्या. त्यांपैकी एकीवरील देवाच्या मस्तकाभोवतीचे किरण आरपार कोरलेले आहेत. मागे दिवा ठेवला की अंधारात ते उजळत असत. इटलीतील ऑस्टिया बंदरात एका मंदिराच्या जमिनीवरच दीक्षेच्या सात पायऱ्यांची चिन्हे काळ्या-पांढऱ्या खड्यांनी जडवलेली आहेत. पहिली पायरी ‘कावळा’, शेवटची ‘पिता’.

सूर्यनमस्कारातील पहिले नाव ‘मित्र’ म्हणणाऱ्या वाचकाला हा देव ओळखीचा वाटेल. ऋग्वेदातील मित्र, इराणचा मिथ्र आणि हे रोमन नाव एकाच मुळातून आले आहेत. बेल्जियन विद्वान फ्रान्झ क्यूमों यांनी तर संपूर्ण पंथच इराणमधून आल्याचे मानले होते. मात्र इराणी परंपरेत मिथ्र बैल मारताना दिसत नाही. १९७० च्या दशकापासून हा आक्षेप प्रबळ झाला. नाव पूर्वेचे असले, तरी पंथाची घडण बऱ्याच अंशी रोमन असावी, हे मत आज अधिक पटण्याजोगे आहे.

अलीकडे संशोधकांचे लक्ष शिल्पांकडून उष्ट्या-खरकट्याकडे वळले आहे. बेल्जियममधील टीनेन येथे मंदिराजवळच्या खड्ड्यांत फुटकी भांडी आणि कोंबड्यांची असंख्य हाडे मिळाली. हाडांच्या अभ्यासावरून उन्हाळ्याच्या सुरुवातीला तेथे शंभराहून अधिक जण जेवल्याचे दिसते. एवढी पंगत छोट्या मंदिरात मावणे शक्यच नव्हते. गुप्त म्हणवणाऱ्या पंथाचा हा मोठा उत्सव गावापासून लपला असेल, असे वाटत नाही.

असा पुरावा मातीचे थर शाबूत असतील तरच मिळतो. सीरियातील दुरा-युरोपोस येथे १९३४ मध्ये सापडलेल्या मंदिराची भित्तिचित्रे अमेरिकेतील येल विद्यापीठात नेल्याने वाचली. यादवी युद्धाच्या काळात मात्र या प्राचीन शहराचा बहुतांश भाग लुटारूंनी खणून काढला. त्यांना विकाऊ वस्तू हव्या होत्या. हाडे आणि खापऱ्या ज्या थरांत होत्या, ते थरच आता उरलेले नाहीत.